बारा-तेराचा पाना

प्रत्येक होस्टेलमध्ये एक 'लेखक' असतो. सेंड-ऑफची भाषणं, गॅदरिंगच्या फिशपाँडच्या ओळी आणि रेक्टर सरांना द्यायचे अर्ज हे सगळं त्याच्याकडून लिहून घेतलं जातं. मोबदला म्हणून टपरीवर कटिंग चहा मिळतो. आमच्या विंगमध्ये हा मान पहिल्या वर्षापासून माझ्याकडे आला. 'गीझर बंद असल्यामुळे आमच्या शैक्षणिक प्रगतीवर विपरीत परिणाम होत आहे' हे ऐतिहासिक वाक्य माझंच. गीझर त्यानंतरही बंदच राहिला, पण अर्जाची भाषा फार छान आहे असं रेक्टर सर म्हणाले. झालं! मी हवेत गेलो. आपण लेखक आहोत आणि चुकून मेकॅनिकलला ॲडमिशन घेतलीय, अशी माझी पक्की समजूत झाली.

ही समजूत दुसऱ्या वर्षी उतरली. आंतरमहाविद्यालयीन एकांकिका स्पर्धेसाठी मी एक एकांकिका लिहिली होती. तिच्यात शेतकऱ्यांच्या आत्महत्या होत्या, भ्रष्टाचार होता, बेरोजगारी होती, आई होती आणि शेवटी पाऊससुद्धा होता. प्रत्येक पात्राला किमान एक पानाचं स्वगत होतं. तालमीत आमची मुलं ती वाक्यं म्हणताना रडायची. ती पाठांतराला रडत होती हे मला नंतर कळलं. प्राथमिक फेरीतच आमची गाडी थांबली. प्रयोगानंतर परीक्षकांशी बोलायची सोय होती. मी वही घेऊन गेलो. परीक्षक वयाने मोठे, शांत गृहस्थ. त्यांनी मला एकच गोष्ट सांगितली, "तुमची पात्रं एकमेकांशी बोलतच नाहीत हो. सगळी आमच्याशी बोलतात."

परतीच्या बसमध्ये कुणी माझ्याशी बोललं नाही. मीही खिडकीतून बाहेर बघत बसलो. खोलीवर आल्यावर रूम पार्टनरने (याला पुढे नुसतं पार्टनर म्हणतो) माझ्या पलंगावर बसून शांतपणे विचारलं, "तुझ्या घरी असं बोलतात का रे कुणी?"

आमच्या घरी तर अजिबातच बोलत नाहीत. अण्णांचं, म्हणजे वडिलांचं, बार्शीजवळ रस्त्यालगत गॅरेज आहे. जीप, ट्रॅक्टर, दुचाकी, जे येईल ते. अण्णा दिवसभरात जेवढे शब्द बोलतात त्याहून जास्त नट-बोल्ट फिरवतात.

असो. त्या रात्री मी ठरवलं की नाटक बास, आता सिनेमा! सिनेमात कॅमेरा असतो, म्हणजे आपलं काम सोपं होईल, असा माझा भाबडा हिशोब होता. मित्रांनो, अडाणीपणात एक वेगळीच हिंमत असते.

लायब्ररीत शोधाशोध करता सिड फील्ड यांचं 'स्क्रीनप्ले' नावाचं १९७९ सालचं पुस्तक हाताला लागलं. त्याचं गणित इंजिनीअरला पटण्यासारखं आहे. दोन तासांचा सिनेमा म्हणजे साधारण १२० पानं. पहिली तीस पानं मांडणी, मधली साठ संघर्ष, शेवटची तीस उकल. बारा पॉइंटच्या कुरिअर टाइपमध्ये ठरलेल्या मांडणीने लिहिलेलं एक पान पडद्यावर साधारण एक मिनिट चालतं. मी लगेच आनंदाने ग्राफ काढला. एक्स अक्षावर पानं, वाय अक्षावर टेन्शन. ग्राफ झकास आला. गोष्ट मात्र आली नाही.

शिवाय हे एका पानाचं एक मिनिट देवनागरीत बसत नाही, हेही लवकरच कळलं. आपला टाइप वेगळा, अक्षरांची रुंदी वेगळी, काही सॉफ्टवेअरमध्ये तर जोडाक्षरांचा पार भुगा होतो. हिंदी सिनेमात कितीतरी जण संवाद रोमन लिपीत लिहितात. मी शेवटी साध्या वर्ड फाइलवर आलो. प्रत्येक प्रसंगाच्या डोक्यावर तीन गोष्टी लिहायच्या: आत की बाहेर, जागा कुठली, दिवस की रात्र. खाली काय दिसतं ते. त्याखाली कोण काय बोलतं ते. बस.

मला सगळ्यात उपयोगी पडलेली गोष्ट एका सीनियरने शिकवली. तो पास आऊट होऊनही बॅक राहिलेल्या मित्राकडे मुक्कामाला यायचा. त्याने मला विचारलं, "पटकथा म्हणजे काय?" मी पुस्तकातली व्याख्या सांगितली. तो म्हणाला, "सोड. तू मेकॅनिकलचा ना? पटकथा म्हणजे वर्किंग ड्रॉइंग. वाचून लोकांनी वा वा म्हणावं म्हणून ते काढत नाहीत. त्याच्यावरून दुसऱ्या माणसाला वस्तू बनवता आली पाहिजे. 'त्याच्या मनात आठवणींचं काहूर माजलं' हे ड्रॉइंगमध्ये कसं दाखवशील? कॅमेरामनने काहूर कुठून आणायचं?"

मी माझी जुनी पानं काढली आणि जे दिसत नाही किंवा ऐकू येत नाही त्यावर लाल पेनाने रेघ मारत गेलो. अठरा पानांत जे उरलं ते दीड पान होतं.

मग त्याने एक अभ्यास दिला. सिनेमातला एक प्रसंग आवाज बंद करून बघायचा, लॅपटॉप मिटायचा आणि तो प्रसंग आपण लिहायचा. मग पुन्हा सिनेमा लावून ताडून बघायचा. पहिला प्रसंग घेतला नागराज मंजुळे यांच्या 'फँड्री'मधला (चित्रपट महाराष्ट्रात २०१४ साली लागला). जब्या आणि त्याच्या घरचे शाळेशेजारी डुकरामागे धावतायत, आणि शाळेत राष्ट्रगीत सुरू होतं. माणसं जागच्या जागी उभी राहतात. डुकराला राष्ट्रगीत कळत नाही. यावर मी पूर्वी असतो तर जब्याच्या तोंडी एक पानभर स्वगत घातलं असतं. तिथे कुणी काहीच बोलत नाही, आणि बघणाऱ्याला कुठे बघावं ते कळत नाही. शेवटी जब्या दगड भिरकावतो, तो थेट आपल्याकडे. तिथेही भाषण नाही.

दुसरा 'श्वास', २००४ सालचा, संदीप सावंत यांचा. माधवी घारपुरे यांच्या कथेवरचा. नातवाला डोळ्याचा कर्करोग. जीव वाचवायला ऑपरेशन हवं, पण ऑपरेशननंतर त्याला दिसणार नाही. आजोबा काय करतात? हॉस्पिटलमधून मुलाला गुपचूप बाहेर घेऊन जातात, शहर दाखवायला. आजोबांचं प्रेम सांगायला एकाही वाक्याची गरज पडत नाही. माणूस अडचणीत सापडल्यावर काय करतो ते दाखवलं की तो कसा आहे हे आपोआप कळतं. हे मी वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवलं. त्याच वहीत मागून थर्मोडायनॅमिक्सच्या नोट्स होत्या, त्या मात्र पुऱ्या झाल्या नाहीत. (त्या विषयाची केटी हा वेगळ्या लेखाचा विषय आहे.)

असे साठ-पासष्ट प्रसंग लिहून झाले. तिसऱ्या वर्षी कॉलेजच्या फिल्म क्लबने शॉर्टफिल्मसाठी संहिता मागवल्या. या वेळी आत्महत्या नको, भ्रष्टाचार नको, आपल्याला माहीत असलेलंच लिहू असं ठरवलं. आणि माहीत असलेल्या गोष्टींत मला एकच गोष्ट कायम टोचत होती.

मी पहिली-दुसरीत असताना अण्णा आणि काका वेगळे झाले. गॅरेज दोघांचं होतं. एका संध्याकाळी गोणपाट अंथरून त्याच्यावर हत्यारं मांडली आणि वाटणी झाली. मला दारात उभं राहिल्याचं आठवतंय. त्यानंतर काका घरी आले नाहीत. ते कुर्डुवाडीला गेले, तिथे मोटार रिवाइंडिंगचं दुकान टाकलं. लग्नकार्यात दोघं भाऊ समोरासमोर येतात, एकमेकांना जेवलास का विचारतात आणि दोन वेगवेगळ्या पंगतींना बसतात.

मी तो प्रसंग लिहिला. चौदा पानं! मोठा भाऊ कष्टाळू, सज्जन. धाकटा लोभी. गोणपाटाच्या दोन बाजूंना उभं राहून दोघं तीन पानं भांडतात. मोठा भाऊ म्हणतो, 'हत्यारं वाटशील रे, पण आपलं बालपण कसं वाटशील?' हे वाक्य सुचलं तेव्हा मी एकटाच खोलीत टाळ्या वाजवल्या होत्या. पार्टनरला वाचून दाखवलं. तो म्हणाला, "एक नंबर आहे. फक्त गॅरेजवाले वाटत नाहीत. दोन मराठीचे प्राध्यापक भांडतायत असं वाटतं." त्या रात्री आम्ही दोघं वेगवेगळ्या वेळी मेसला गेलो.

दुसरा ड्राफ्ट झाला, तिसरा झाला. वाक्यं छोटी झाली, खोटेपणा तसाच राहिला. दिवाळीच्या सुट्टीत प्रिंट काढून घरी नेली. अण्णांना दाखवायची नव्हती. खरं सांगायचं तर भीती वाटत होती. पण आईने बॅगेतले कपडे धुवायला काढले आणि कागद अण्णांच्या समोर ठेवले, "पोरानं काय लिहिलंय बघा, तुमचं नाव दिसतंय."

अण्णांनी आधी हात डिझेलने धुतले, मग साबणाने, मग चष्मा लावला. गॅरेजमधल्या स्टुलावर बसून चौदाच्या चौदा पानं वाचली. मी समोर उभा. ओरलला एक्स्टर्नलसमोर सुद्धा एवढा घाम फुटला नव्हता.

"हे कोण बोलतंय एवढं?"

"तुम्ही."

"मी?" अण्णांनी पुन्हा पान उलटून बघितलं. "एवढं मी आख्ख्या जन्मात बोललो न्हाई."

"मग काय झालं होतं, अण्णा?"

बराच वेळ ते काहीच बोलले नाहीत. मला वाटलं, विषय संपला. मग ते उठले, कोपऱ्यातलं गोणपाट ओढलं, त्याच्यावर डबल पाने मांडायला लागले. सहा-सात, आठ-नऊ, दहा-अकरा... आठ पान्यांचा सेट. ज्यांनी वर्कशॉपला दांड्या मारल्या त्यांच्यासाठी सांगतो, डबल पान्याच्या दोन टोकांना दोन मापं असतात आणि त्यावरूनच त्याला हाक मारतात.

"आठ पाने. चार त्याचे, चार माझे," अण्णा म्हणाले. "ह्यात सगळ्यात जास्त लागतो तो बारा-तेराचा. त्याच्याबिगर धंदा होत न्हाई. मी तो त्याच्या बाजूला सरकवला. त्यानं परत माझ्याकडं सरकवला. मी परत सरकवला. त्यानं परत. असं चार-पाच डाव झालं. मग तो उठला आन् बाकीचं घेऊन गेला. कुणी काय बोललं न्हाई."

"आणि पाना?"

अण्णांनी भिंतीकडे बोट केलं. कॅलेंडरशेजारच्या खिळ्याला एक गंजलेला पाना लटकत होता. मी जन्मभर तो पाना बघत आलोय. तो मोडका असेल, भंगारात टाकायचा राहिला असेल असं मला वाटायचं. अण्णांच्या हातात रोज जो बारा-तेराचा असतो तो नंतर विकत घेतलेला. खिळ्यावरचा कधी कुणी वापरलाच नाही.

"हे लिव्ह," अण्णा म्हणाले, आणि कागद माझ्या हातात देऊन जीपखाली शिरले. जीपखालूनच पुढचा आवाज आला. "आन् त्याला इचारल्याबिगर लिव्हू नको. तो माझा भाऊ हाय."

मित्रांनो, मी वाचलेल्या कुठल्याच पुस्तकात ही पायरी सापडली नव्हती. दुसऱ्याच्या आयुष्यातला प्रसंग उचलून त्यावर टाळ्या घ्यायला निघालो होतो, आणि ज्याला लोभी ठरवलं होतं त्याला साधा एक फोन केला नव्हता.

भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी एसटीने कुर्डुवाडीला गेलो. काका दुकानात मोटारीला तांब्याची तार भरत होते. मला बघून आधी दचकले, "अण्णा बरं हायत ना?" हा त्यांचा पहिला प्रश्न. मी कागद दिले. त्यांनी वाचले. हसले. मग हसू थांबलं.

"मी लोभी हाय व्हय रं?"

मला मान वर करता येईना.

काकांनी चहा मागवला आणि त्यांच्या बाजूने गोष्ट सांगितली. बोअरच्या मोटारी उन्हाळ्यात धडाधड जळतात, त्यामुळे गॅरेजातच रिवाइंडिंग सुरू करावं असं त्यांना वाटत होतं. त्यासाठी कर्ज काढायला लागणार होतं. कर्ज म्हटलं की अण्णांच्या अंगावर काटा येतो, कारण आजोबांचं कर्ज फेडण्यात त्यांची शाळा सुटली होती. दोघांचंही बरोबर होतं! "अर्धं मागायला गेलो असतो तर जागाबी मागितली असती. चार पाने अन् एक व्हाइस घेऊन निघालो मी," काका म्हणाले. "हे घाल त्यात. मग काढ तुझा शिनेमा."

बार्शीला परतताना एसटीत मी मागच्या सीटवर बसून चौथा ड्राफ्ट सुरू केला. पहिल्यांदाच असं झालं की दोन्ही पात्रांची बाजू मला माहीत होती आणि कोण बरोबर हे ठरवायची गरज उरली नव्हती. एकाला धंदा वाढवायचाय, दुसऱ्याला घर बुडू द्यायचं नाही, आणि दोघांना एकमेकांना दुखवायचं नाही. पुस्तकात ज्याला संघर्ष म्हणतात तो हाच, असं तेव्हा उमगलं. मी आजवर आरडाओरड्यालाच संघर्ष समजत होतो.

सातवा ड्राफ्ट सहा पानांचा झाला. 'बालपण कसं वाटशील' हे माझं लाडकं वाक्य मी स्वतःच्या हाताने काढलं. (पार्टनरने त्या आनंदात मला ऑम्लेट-पाव खिलवला.) कॉलेजच्या मागच्या गॅरेजच्या मालकांनी रविवारी जागा दिली. विंगमधल्या एकाच्या केसांना टाल्कम पावडर लावून अण्णा तयार केले, मेसच्या मावशींनी आईचं काम केलं, आणि फोनवर शूटिंग झालं. सहा पानांची फिल्म झाली आठ मिनिटं चाळीस सेकंदांची, कारण पाना सरकवण्याच्या प्रसंगाला कागदावर चार ओळी लागल्या होत्या आणि पडद्यावर दोन मिनिटं. पानाला मिनिट हा हिशोब तिथेच गडगडला.

होस्टेलच्या टीव्ही हॉलमध्ये फिल्म दाखवली. आपल्या इथे कुठलीही फिल्म लावली की मागून कॉमेंट्स येतात हे तुम्हाला माहीतच आहे. सुरुवातीला आल्याही. पावडरवाल्या अण्णांना बघून तर हॉल कोसळला. पान्याच्या प्रसंगाला मात्र मागच्या बाकांवरून आवाज आला नाही. मला तेवढं पुरलं.

इथवर कलेचं झालं. आता पोटाचं. कारण मागच्या सहा महिन्यांत ज्युनियर्स मला एकच प्रश्न विचारतायत, "दादा, मग तू आता फिल्म लाइनलाच जाणार का?"

मी चौकशी केली, जमेल तेवढी. जे कळलं ते सांगतो. आपल्याकडे कथा, पटकथा आणि संवाद ही तीन वेगळी कामं आणि तीन वेगळी श्रेयं आहेत. १९८३ चा 'अर्धसत्य' घ्या. कथा श्री. दा. पानवलकरांची, पटकथा विजय तेंडुलकरांची आणि संवाद वसंत देवांचे. म्हणजे संवाद जमत नसतील तर लगेच रडायचं कारण नाही, आणि नुसते संवाद जमत असतील तर पटकथाकार झालो असं समजायचंही कारण नाही. रोजच्या मालिकांमध्ये तर कथाविस्ताराचं श्रेयही वेगळं असतं. तिथे रोज एक भाग द्यावा लागतो, सबमिशनच्या आदल्या रात्रीसारखं, पण बाराही महिने. वेगाने लिहायची सवय लागते आणि घरभाडं निघतं, असं तिथे काम करणारे सांगतात. रीतसर शिकायचं तर पुण्याच्या एफटीआयआयमध्ये पटकथालेखनाचा स्वतंत्र अभ्यासक्रम आहे.

काम मिळालं तर पैसे बहुतेक वेळा हप्त्यांनी येतात. सही करताना काही, पहिल्या ड्राफ्टला काही, शेवटच्याला काही. म्हणून किती ड्राफ्ट द्यायचे, श्रेय काय मिळणार, सिनेमा बनलाच नाही तर काय, हे कागदावर हवं. तोंडी 'आपलाच माणूस आहेस' यावर जाऊ नये. मुंबईत स्क्रीनरायटर्स असोसिएशन ही लेखकांची संघटना आहे. सभासद होऊन तिथे संहितेची नोंदणी करता येते. ती आधी करावी, मग निर्मात्याला ऐकवावी.

'माझी आयडिया चोरली' ही तक्रार आपल्या कट्ट्यावर रोज ऐकू येते. त्याबद्दल सर्वोच्च न्यायालयाचा १९७८ चा निकाल आहे, आर. जी. आनंद विरुद्ध डिलक्स फिल्म्स. आपल्या नाटकावरून सिनेमा केला असा आनंद यांचा दावा होता. न्यायालयाने सांगितलं की नुसत्या कल्पनेवर, विषयावर कुणाचा कॉपीराइट नसतो. ती कल्पना ज्या रूपात मांडली त्या मांडणीवर असतो. आनंद दावा हरले. म्हणजे डोक्यातल्या आयडियेला किंमत लिहून काढल्यावरच येते. आणि गंमत अशी, की हे आनंद पेशाने आर्किटेक्ट होते आणि नाटकं लिहायचे. आपल्यासारखी दोन दगडांवर पाय ठेवणारी माणसं तेव्हाही होतीच!

अशी आणखी उदाहरणं मी मुद्दाम शोधली, मनाला आधार म्हणून. 'मसान' (२०१५) लिहिणारे वरुण ग्रोव्हर बनारसला सिव्हिल इंजिनीअर झाले, आपल्या पुण्यात सॉफ्टवेअर कंपनीत नोकरी केली आणि मग मुंबईला गेले. तिथे आधी टीव्हीवरच्या विनोदी कार्यक्रमांसाठी लिहिलं. 'मसान' यायला दहाहून जास्त वर्षं गेली. 'सामना', 'सिंहासन', 'उंबरठा' दिग्दर्शित करणारे डॉ. जब्बार पटेल बालरोगतज्ज्ञ, दौंडला दवाखाना चालवायचे. यातली दहा वर्षं मी अधोरेखित करून ठेवलीत. आपण सगळे चार वर्षांच्या हिशोबात जगतो, आठ सेमिस्टर झाली की डिग्री. इथे तसं वेळापत्रक नाही आणि एटीकेटीची सवलतही नाही.

तर मी काय ठरवलं? मला चाकणच्या एका कंपनीची ऑफर आली आहे. क्वालिटी विभाग, शिफ्ट ड्युटी. मी ती घेतोय. पार्टनर म्हणाला, "विकला गेलास." म्हणू दे. आमच्या घरी कर्ज या शब्दाचा अर्थ काय आहे हे मला आता दोन्ही भावांच्या तोंडून कळलंय. कर्ज काढून मुंबईला जाऊन वाट बघत बसणं मला जमणार नाही, आणि त्या काळजीत चांगलं लिहिता येईल असंही वाटत नाही. हिशोब केलाय: पगारातून दरमहा थोडी रक्कम बाजूला, शिफ्ट कुठलीही असो, रोज एक तास लिखाण, आणि दोन वर्षांत दोन मोठ्या पटकथा हातात. आठ मिनिटांची एक फिल्म दाखवायला आहेच. हातात लिहिलेलं काही असलं तरच मुंबईचं दार ठोठवायचं. हा प्लॅन चुकेलही. हा पहिला ड्राफ्ट आहे.

ज्युनियर्सना एवढंच सांगेन, की लिहायला मूडची वाट बघू नका आणि पहिला ड्राफ्ट कुणाला तरी दाखवा. शक्यतो अशा माणसाला, ज्याला तुमची भीड नाही. प्रत्येक खोलीत एक पार्टनर असतोच. आणि घरी गेलात की मोबाइल बाजूला ठेवून घरातली माणसं काय करतात ते बघा. मी एक पाना वीस वर्षं बघितला आणि मला तो दिसला नव्हता.

राहता राहिली एक गोष्ट. फिल्मची लिंक मी घरी आणि काकांना पाठवली होती. दोन दिवस काहीच नाही. मग आईचा फोन, "चारदा बघितलं त्यांनी. त्या पोराची पाना धरायची पद्धत चुकलीय म्हणत्यात." एवढं सोडून अण्णांनी बाकी अभिप्राय दिला नाही.

काकांचा फोन त्याच रात्री आला. मी जर्नल लिहीत होतो.

"तो पाना अजून खिळ्यालाच हाय का रं?"

"हो काका."

"गंजला असंल."

"हो."

बराच वेळ काही नाही. मागे कुठेतरी मोटार फिरल्याचा आवाज येत होता.

"चार दिस डिझेलात घालून ठेव म्हणावं त्याला. सुटंल गंज." आणि फोन ठेवला.

हा निरोप मी अजून अण्णांना दिलेला नाही. फोनवर द्यायचा नाही असं ठरवलंय. येत्या शनिवारी शेवटची ओरल आहे. ती झाली की खोली रिकामी करायची, गादी ज्युनियरला विकायची आणि रात्रीची बार्शी गाडी पकडायची.

— अंतिम वर्ष, यंत्र अभियांत्रिकी